आवाज वाढवण्याआधी

अकोल्याला ताईकडे गेलो की संध्याकाळचा एक प्रसंग ठरलेला असे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपे, टीव्ही सुरू होई, भाऊजी आवाज वाढवत जात आणि अभ्यासाला बसलेली नात दार लावून घेई. गेल्या दिवाळीत मात्र भाऊजी टीव्हीसमोर आलेच नाहीत. आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. "आता त्यात गोडी राहिली नाही," म्हणाले. गोडी गेली नव्हती. ऐकू येणे कमी झाले होते, आणि आवाजाबद्दलची कुरकुर त्यांच्या मनाला लागली होती.

त्या रात्री नातीने एक हिंदी चित्रपट लावला व 'ऑडिओ आणि सबटायटल्स' या पर्यायात जाऊन हिंदी अक्षरे सुरू केली. भाऊजींना हाताला धरून आणले. एका विनोदावर ते सर्वांच्या आधी हसले, कारण संवाद बोलून संपण्याआधीच अक्षरे वाचून होतात!

साधे सबटायटल केवळ संवाद देते. क्लोज्ड कॅप्शन दारावरची थाप, पार्श्वसंगीत, बोलणारा कोण, हेही लिहून दाखवते. नको तेव्हा ते बंद करता येते. दृष्टी मंदावलेल्यांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन असते. दोन संवादांमधल्या शांततेत निवेदक पडद्यावर काय घडते ते सांगतो. आपल्या वऱ्हाडातील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी बालपणीच गेली होती. ग्रंथ त्यांना इतरांनी वाचून दाखवावे लागत. दुसऱ्याचे डोळे उसने घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. अमरावतीच्या माझ्या एका शेजाऱ्यांकडे हा पर्याय चुकून सुरू झाला, तेव्हा 'टीव्हीत कोणीतरी मधेच बडबडतो' म्हणून त्यांनी कारागीर बोलावला होता.

स्मार्ट टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' हा विभाग असतो. तेथे कॅप्शन सुरू होतात. बहुतेक संचांवर अक्षरांचा आकार आणि मागचा रंगही बदलता येतो. घरी परतून मी तसे केले, पण केबलच्या वाहिनीवर एक अक्षर उमटले नाही. वाहिनीने कॅप्शन पाठवलेलेच नसतील तर संच दाखवणार काय? खात्यात शिल्लक नसताना चेकबुक बाळगण्यासारखेच ते.

वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा व कॅप्शन या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये श्रवणबाधितांसाठी दूरचित्रवाणीचे निकष ठरवले. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून एकदा सांकेतिक भाषेत बातम्या द्याव्यात आणि वाहिन्यांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम कॅप्शनसह दाखवावा, अशी ती सुरुवात होती. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे आली. आठवड्याला एक कार्यक्रम! रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसणाऱ्या वृद्धाला तो पुरावा कसा? तरीही मागणी करायची तर बोट ठेवायला कागद आहे. ही मेहेरबानी नव्हे.

परवा भाऊजींचा मोबाइलवर संदेश आला: "हिंदीत अक्षरे आली. मराठी मालिकांना केव्हा येणार? वाहिनीला पत्र लिहायचे आहे, मजकूर तुम्ही करून द्या."

मसुदा तयार आहे. सही त्यांचीच असेल.