अंतरपाट दोन रंगांचा का दिसतो?

लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांचा भाग एकदा नीट पाहावा. एक कॅमेरा नवरीच्या बाजूला, दुसरा नवरदेवाच्या. मधला अंतरपाट एकच. पण एका शॉटमध्ये तो पिवळट दिसतो, दुसऱ्यात निळसर. कापड तेच असतं, त्यावर पडणारा उजेड वेगळा असतो. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, तर दिवसाचा उजेड ५६०० केल्विनच्या आसपास. त्यात कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल, तर पांढरं कशाला म्हणायचं हे तो सतत नव्याने ठरवत राहतो. अशा शेकडो क्लिप समोर आल्या की नवखा एडिटर दोनपैकी एक वाट धरतो: प्रत्येक क्लिप वेगळी घेऊन रंगवत बसतो, किंवा एक क्लिप छान जमवून तिची सेटिंग सगळीकडे चिकटवतो. पहिल्या वाटेने रात्री जातात. दुसरीने काम झटपट होतं, पण मुळात पिवळट असलेली क्लिप नारिंगी होते.

यातून सुटायचं तर दोन कामं वेगळी ओळखावी लागतात. उजेडाची आणि कॅमेऱ्याची चूक काढणं ही दुरुस्ती. दृश्याला हवा तो भाव देणं ही रंगसंगती. कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ २००० साली आला. संपूर्ण चित्रपटाचे रंग संगणकावर ठरवलेल्या पहिल्या मोठ्या चित्रपटांपैकी तो एक. मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्यात केलेलं चित्रण छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी सुकलेल्या, सोनेरी गवताच्या छटेत नेलं. ती छटा साऱ्या चित्रपटाची होती. अशी छटा एकाच जागी द्यायची असते. दुरुस्ती मात्र ज्या त्या शॉटची असते.

सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. ‘दा विंची रिझॉल्व्ह’मध्ये एकाच उजेडात, एकाच कॅमेऱ्याने घेतलेल्या क्लिपचा गट करता येतो. कॅमेऱ्याचे रंग नेहमीच्या पडद्याच्या रंगांत आणणं गटाच्या पहिल्या पायरीवर, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्सची बारीक दुरुस्ती क्लिपवर आणि छटा त्यानंतर. ‘प्रीमियर’मध्ये हेच काम क्लिपवरची दुरुस्ती आणि तिच्या वर ठेवलेला अॅडजस्टमेंट लेयर यांत वाटता येतं. घरच्यांनी नंतर ‘जरा उबदार करा’ म्हटलं, तर तीनशे क्लिप उघडाव्या लागत नाहीत. एका जागी बदल केला की पुरे.

यावर कुणी म्हणेल, आता सॉफ्टवेअर स्वतःच क्लिपचे रंग जुळवतं, मग एवढा खटाटोप कशाला? पहिला अंदाज म्हणून ती सोय जरूर वापरावी. पण हळदीच्या कार्यक्रमात चेहरा पिवळा असणं हीच खरी गोष्ट असते, हे स्वयंचलित जुळणीला कळेलच असं नाही. पिवळेपणा काढायच्या नादात ती हळदच फिकी करू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक शॉट वेगळा असतो आणि कसबी माणूस तो डोळ्यांनीच पारखतो. शॉट वेगळा असतो हे खरंच, म्हणून तर क्लिपची स्वतंत्र पायरी ठेवायची. डोळ्यांवर मात्र पूर्ण विसंबता येत नाही. पिवळट चित्र बराच वेळ पाहिलं की डोळा त्याला सरावतो आणि तेच पांढरं वाटू लागतं. म्हणून गटातला एक उत्तम शॉट नमुना म्हणून शेजारी ठेवावा आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या पातळ्या दाखवणारा आलेख पाहावा. दोन्ही कॅमेऱ्यांतल्या अंतरपाटाच्या पातळ्या तिथे शेजारी ठेवल्या की कुठला रंग चढला आहे ते लगेच दिसतं.

या कामातला वेग जुळणाऱ्या क्लिप आधी एकत्र आणण्यातून येतो. कॉपी-पेस्ट त्याच्या नंतरची. चित्रणाच्या वेळी व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का करा. एडिटिंगला बसल्यावर रंगाच्या चाकाला हात लावण्याआधी क्लिप उजेडानुसार वेगळ्या करा. या दोन सवयींनी अर्धं काम तिथेच हलकं होतं.