गिरणगावातली खरेदी, वऱ्हाडी पाहुण्यांसाठी

हिवरखेडहून अकोला, तिथून अमरावती एक्स्प्रेसने दादर, मग पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने दोन स्थानकं पुढे लोअर परळ. वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांत जायचा, त्यांचाच हा परिसर. १९०५ सालच्या फिनिक्स मिलच्या जागी आज पॅलेडियम मॉल आहे; दुकानांआधी मिलची जुनी चिमणी पाहा. श्रीनिवास मिलच्या जमिनीवरचा वर्ल्ड वन मनोरा २८० मीटर उंच. याच गिरणगावात १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हजारोंची नोकरी कायमची गेली. कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ला गच्चीवरच्या हॉटेलांच्या आगीत १४ जण गेले. जेवायला बसण्याआधी बाहेर पडायचा जिना बघून ठेवा.