जनुक संपादनाने कॅन्सर बरा होतो का? एका संशोधनाचा प्रवास

ल्युकेमियाचे निदान झालेल्या मुलांचे आईवडील हल्ली मोबाईलवरची एखादी बातमी दाखवून विचारतात, "डॉक्टर, जीन एडिटिंग करून घेता येईल का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

त्या बातम्यांमागचे बरेचसे काम अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाले. क्रिस्पर ही जनुकांची कात्री तेव्हा प्रसिद्ध झालेली होती. अडचण अशी की ती डीएनएचे दोन्ही धागे कापते. एकाच पेशीत तीन-चार ठिकाणी कापले, तर तुटलेली टोके चुकीच्या जागी जोडली जाण्याचा धोका असतो. २०१६ मध्ये लिऊ आणि त्यांच्या सहकारी अलेक्सिस कोमोर यांनी 'बेस एडिटिंग' मांडले. यात दोन्ही धागे न तोडता डीएनएमधील एकच अक्षर बदलले जाते. कागद फाडण्याऐवजी खोडरबराने अक्षर पुसून दुसरे लिहावे, तसे.

कॅन्सरमध्ये हे कामी आले ते लंडनमध्ये. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मे २०२२ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलीवर प्रथमच असे उपचार झाले. तिला टी-पेशींचा ल्युकेमिया होता. किमोथेरपी झाली, बोन मॅरो प्रत्यारोपण झाले, तरी आजार उलटला होता.

इथली खरी अडचण समजून घ्या. कॅन्सर टी-पेशींचा आणि औषध म्हणून द्यायच्या त्याही टी-पेशीच. दोन्हींवर सीडी-७ नावाची एकच खूण असते. ती खूण शोधून मारायला शिकवलेल्या पेशी आधी एकमेकींनाच मारणार! म्हणून प्राध्यापक वसीम कासिम यांच्या गटाने निरोगी दात्याच्या पेशी घेऊन त्यांच्यावरची ही खूण पुसली. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांचा टी-पेशी रिसेप्टर बंद केला. उपचारातील एका औषधाने त्या मरू नयेत म्हणून सीडी-५२ ही खूणही काढली. शेवटी कॅन्सर ओळखणारा नवा रिसेप्टर बसवला. म्हणजे बदल दात्याच्या पेशींत झाला, मुलीच्या स्वतःच्या जनुकांत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो.

२८ दिवसांत तिच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी सापडेनाशा झाल्या. त्यानंतर तिचे दुसरे बोन मॅरो प्रत्यारोपण झाले. संपादित पेशींनी आजार आटोक्यात आणला आणि प्रत्यारोपणासाठी वाट मोकळी केली. बातम्यांत हा भाग अनेकदा गळतो. २०२३ मध्ये या गटाने पहिल्या तीन मुलांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात एका मुलाचा बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाल्याचेही लिहिले आहे. या उपचारात काही काळ प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, त्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे काय आहे? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्यातून तयार झालेल्या 'नेक्सकार-१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. मात्र हे बेस एडिटिंग नव्हे. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. आणि तो बी-पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमियासाठी आहे, तोही इतर उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारात. स्तन, फुप्फुस किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही.

म्हणून आपल्या डॉक्टरांना आधी हे विचारा: आजार बी-पेशींचा आहे की टी-पेशींचा? तो उलटलेला आहे का? प्रत्यारोपणाचा पर्याय उरला आहे का? कोणी 'जीन थेरपी'च्या नावाने पैसे मागत असेल, तर तो मान्यताप्राप्त उपचार आहे की चाचणी, हे लेखी घ्या. चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी दाखवायला सांगा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर सही करू नका, आणि सुरू असलेली किमोथेरपी अशा आश्वासनासाठी मध्येच थांबवू नका.