थानाचा व्हिडिओ संगणकात चालत नसेल तर

आम्हा कापडवाल्यांचा बराचसा माल मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून येतो. थानात तुटका धागा किंवा डाग निघाला की कपात कोणाच्या माथी, यावर विणकर व व्यापारी यांच्यात तंटा ठरलेला. आता तपासणीच्या टेबलावरून सरकणाऱ्या थानाचे चित्रण करून दोष संगणकाकडून मोजून घेता येतात. त्यासाठी ‘ओपनसीव्ही’ ही लायब्ररी मोफत मिळते. १९९९ साली इंटेल कंपनीत तिचे काम सुरू झाले.

मात्र व्हिडिओ उघडला नाही तरी ती बहुधा प्रोग्रॅम अडवत नाही. पहिलेच चित्र मिळाले नाही की प्रोग्रॅम काम संपले असे समजतो आणि दोषांचा आकडा शून्यच राहतो. हा शून्य म्हणजे निर्दोष कापड नव्हे! म्हणून प्रोग्रॅम लिहून घेताना फाइल उघडली की नाही याची विचारणा आणि वाचलेल्या चित्रांची संख्या, या दोन्ही गोष्टी अहवालात मागून घ्याव्यात. सेकंदाला २५ चित्रे असतील तर दहा मिनिटांची १५,००० होतात. अहवालात ४०० दिसली तर त्या हिशेबावर कपात मान्य करू नये.

फाइल न उघडण्याचे पहिले कारण अगदी किरकोळ असते, ते म्हणजे पत्ता. पायथन भाषेत उलट्या तिरप्या रेघेपुढे ‘टी’ आला तर तो टॅब समजला जातो. आपल्या ‘थान’ या फोल्डरचे रोमन स्पेलिंग ‘टी’पासूनच सुरू होते! सरळ तिरपी रेघ वापरावी.

दुसरे कारण कोडेकचे. एमपी-४ ही नुसती गाठडी आहे. आत एच-२६४ आहे की एच-२६५, हे वरच्या चिठ्ठीवरून कळत नाही. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालतो, मग इथे का नाही, असे पुष्कळजण विचारतात. व्हीएलसी उलगडण्याची साधने स्वतःबरोबर बाळगतो. ओपनसीव्ही मात्र एफएफएमपेग किंवा विंडोजच्या साधनांवर अवलंबून असते. एफएफएमपेगने फाइल एच-२६४ मध्ये बदलून पाहावी, पण मूळ फाइल पुसू नये. दाबून बदललेल्या चित्रात बारीक धागा हरवतो आणि तंटा तर त्याच धाग्याचा असतो.

तिसरे कारण आपल्या खेड्यापाड्यांचे, वीज. एमपी-४ ची अनुक्रमणिका बहुधा चित्रण संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर फाइल मोठी दिसते, पण उघडत नाही. चित्रण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत करावे, म्हणजे गेला तर एकच तुकडा जाईल. एमकेव्ही प्रकार अशा वेळी जास्त तग धरतो.

फाइल उघडूनही खिडकी कोरी राहिली तर प्रोग्रॅममध्ये ‘वेटकी’ राहून गेली असावी. २५ चित्रांच्या व्हिडिओला तिथे ४० मिलिसेकंद द्यावेत; कमी दिल्यास थान धावत सुटते. आवाज येत नाही म्हणून घाबरू नये, या कामात आवाजाचा संबंध नाही.