गोळीचा डबा लपवावा का लागतो?

अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरला येणाऱ्या एस.टी.त एखादी भगिनी पिशवीच्या तळाशी औषधाचा डबा दडवून बसलेली असते. शेजारच्या बाईला पत्ताही लागत नाही. एच.आय.व्ही.चा विषय घरात काढायला आजही जीभ रेटत नाही. आम्ही मात्र तो इथे काढणार आहोत.

बाई गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात इतर तपासण्यांसोबत ही चाचणीही होते. त्यामुळे घरातला आजार पुष्कळदा प्रथम तिच्याच कागदावर उमटतो. पुरुषावर अशी वेळ येत नाही. तो खोकत राहतो, वाळत जातो, आणि क्षयरोग निघाल्यावर त्याचे रक्त तपासले जाते. उपचाराला उशिरा येणारे, मध्येच सोडणारे आणि मरणारे आपल्या देशात पुरुषच अधिक आहेत. तरी बोल लागतो बाईला! तिची तपासणी आधी झाली म्हणून आजार तिने आणला, हा कुठला न्याय?

महाराष्ट्रात एप्रिल २००४ पासून हे औषध सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागले. २०१७ पासून तर निदान होताच ते सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते, पण ती रोज आणि जन्मभर घ्यायची. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पुरुषाला रोजी बुडण्याची धास्ती. सोयाबीनच्या सोंगणीत अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात दिवस घालवणे त्याला जड जाते. पुण्या-मुंबईला कामाला गेला की गोळ्या संपतात. तिथल्या केंद्रात नाव बदलून घेता येते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. काहीजण दारू घेतली की त्या दिवशी गोळी टाळतात. ही मोठी चूक आहे. दारू सुटावीच, पण सुटेपर्यंत गोळी सोडू नये.

बाईचे दुखणे निराळे. ती गोळी तांदळाच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत लपवते. सासू समोर असली की वेळ टळते. १७ मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, पण "अमरावतीले कायले चालली?" याला उत्तर काय द्यावे? नवरा वारल्यावर तर तिला माहेरी धाडतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि तिच्या संमतीवाचून तिचा आजार चारचौघांत सांगण्यास मनाई केली आहे.

औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शेकडा १५ ते ४५. नियमित औषधाने तो ५ च्या आत येतो. रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. नवऱ्याने एवढे ऐकले तरी पुरे आहे. दोघांनाही औषध चालू असेल तर एकाच दिवसाची तारीख मागून पाहावी. शंका असल्यास १०९७ हा फोन निःशुल्क आहे.