काटा फाटकावर, दंड रस्त्यावर

लेव्हरकुसन (जर्मनी) : कोलोनच्या उत्तरेला, ऱ्हाइन नदीवर ए-1 महामार्गाचा एक पूल होता. 1965 साली तो बांधला तेव्हा दिवसाला चाळीसेक हजार गाड्यांचा हिशेब धरला होता. पुढे लाखाच्या वर गाड्या जाऊ लागल्या, त्यात हजारो ट्रक. पोलादाला तडे गेले आणि 2014 पासून साडेतीन टनांवरच्या गाड्यांना पूल बंद झाला. पाटी लावून भागलं नाही. ट्रक घुसतच राहिले. (जर्मन माणूस पाटीला देव मानतो, ही आपल्याकडची समजूत इथे येऊन थोडी ढिली होते.) शेवटी 2016 मध्ये रस्त्यातच वजन मोजणारी यंत्रणा आणि आडवे दांडे बसवले. जड गाडी आली की सिग्नल लाल, दांडा खाली, आणि गाडीची रवानगी बाजूच्या रस्त्याने बाहेर. शेजारचा नवा पूल 2024 च्या फेब्रुवारीत सुरू होईपर्यंत देशातल्या या अतिशय गर्दीच्या मार्गावर मालाचा ट्रक नदी ओलांडू शकला नाही.

चाकण-तळेगाव रस्त्यावर रोज खोळंबणाऱ्या वाचकाला हे मुद्दाम सांगतो, कारण हा पूल काही फक्त ओव्हरलोड गाड्यांनी थकवला नव्हता. जर्मनीत साधारण ट्रकला एकूण 40 टनांची मुभा आहे, रेल्वेच्या मालधक्क्यावरून कंटेनर ने-आण करत असेल तर 44 टनांची. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हीच मर्यादा 24 टन होती. कागदावरचा आकडा वाढत गेला, खालचा पूल तोच राहिला. ए-45 वरचा राहमेडेचा पूलही साठीच्या दशकातलाच. 2 डिसेंबर 2021 रोजी तो एकाएकी बंद झाला, महामार्गाची अवजड वाहतूक ल्यूडेनशाइड गावाच्या गल्ल्यांतून वाहू लागली, आणि 2023 च्या मे महिन्यात पूल सुरुंग लावून पाडला. मोशी किंवा चाकणच्या चौकात राहणाऱ्याला त्या गावकऱ्यांचे हाल वेगळे समजवायला नकोत.

आपल्याकडेही आकडा वाढलाच. 2018 च्या मध्यावर केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली, तीन आसांच्या ट्रकची 25 वरून 28.5. वाहतूकदारांना दिलासा मिळाला हे खरं. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ 1958 ते 1960 मध्ये रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेलं गणित राजपत्राने बदलत नाही: आसावरचा भार वीस टक्क्यांनी वाढला की रस्त्याची झीज जवळजवळ दुप्पट होते.

दंडाच्या रकमेत आपण मागे नाही. सप्टेंबर 2019 पासून ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असंही कायदा सांगतो. फरक आहे तो दंड प्रत्यक्षात कुणाच्या अंगावर येतो यात. इथे जर्मनीत चालकाला दंड होतो, पण जड ट्रकच्या बाबतीत मालकाला त्याहून मोठा. माल नीट भरणं-बांधणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी व्यापारी कायद्यातच लिहिलेली आहे. म्हणून इथल्या चालकाचं फार बरं चाललंय असं नव्हे. 2023 मध्ये ग्रेफेनहाउझेनच्या महामार्ग-थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या चालकांनी थकलेल्या पगारासाठी ट्रक उभे करून आठवडेच्या आठवडे संप केला होता. स्वस्त भाड्याचा भार शेवटी स्टिअरिंगवरच येतो, हे दोन्हीकडे सारखंच.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला एका गाडीचा मालक तर जास्त माल नाकारूच शकत नाही. भाडं टनावर ठरतं, बँकेचा हप्ता महिन्यावर. पोलादाच्या कॉइल तर फसव्या: दोन-तीन चढवल्या की गाडी निम्मी मोकळी दिसते आणि पासिंग (नोंदणीतली वजनमर्यादा) मात्र कधीच ओलांडलेलं असतं. ते ओलांडलं हे कारखान्याच्या फाटकावर ठाऊक असतं. पिंपरी, भोसरी, चाकणच्या मोठ्या कारखान्यांत गाडी आत जाताना काट्यावर रिकामी तोलतात आणि निघताना भरलेली; पावतीवर नंबर, वेळ, वजन सगळं छापून येतं. ही पावती बाहेर पडताना कुणी पाहत नाही. मग आरटीओचं पथक तीच गाडी पुढे नाशिक महामार्गावर, गर्दीत, अडवून पुन्हा तोलायला नेतं.

जर्मनीत चालकाने किती तास गाडी चालवली याची तपासणी रस्त्यावर होते तशी कंपनीच्या कार्यालयात जाऊन, नोंदी मागवूनही होते. वजनासाठी ही रीत चाकणमध्ये वापरायला नवा कायदा लागू नये. मोटार वाहन कायद्याचं 194 वं कलम गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दोषी धरतं. काट्याच्या महिनाभराच्या पावत्या आणि एमएच-14 च्या गाड्यांची पासिंगची नोंद शेजारी-शेजारी ठेवून पाहायला एक कारकून आणि एक संगणक पुरे.