बापाचा ओव्हरटाइम आणि मुलाचा पिझ्झा

रविवारी विहारातील वंदना आटोपली की आम्ही तासभर तिथेच बसतो. कोणाची जातपडताळणी, कोणाची अडलेली पेन्शन. वस्तीतील माणसे कागद घेऊन येतात. मागे एका रविवारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका मुलाला घेऊन आले. मुलगा इंजिनिअर, हिंजवडीच्या एका कंपनीत. घराण्यातला पहिला. काकांची तक्रार एकच होती, "वकीलसाहेब, पोरगं घरी येतं ते फक्त झोपायला."

मुलगा मात्र कंपनीची बाजू घेऊ लागला. "सर, कंपनी चांगली आहे. रात्री आठनंतर थांबलं तर जेवण फुकट, पिझ्झासुद्धा. दहानंतर घरी सोडायला गाडी. जिम आहे, वर्षातून एक सहल असते. आम्ही सगळे एक फॅमिली आहोत."

आम्ही विचारले, सकाळी किती वाजता जातोस? नऊला. सुटतोस कधी? साडेदहा, कधी अकरा. मग ओव्हरटाइम किती मिळतो? तो हसला. "आमच्यात तसं नसतं."

काका मध्येच म्हणाले, "आमचा ओ.टी. पगारपत्रकावर यायचा. त्याच पैशातून घराला स्लॅब टाकला."

बापाच्या ओव्हरटाइमचा स्लॅब झाला आणि मुलाच्या ओव्हरटाइमचा पिझ्झा! एका पिढीत हे काय घडले?

काकांना जे मिळाले ती कोणाची मेहेरबानी नव्हती. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले, ते त्यांनीच मांडलेल्या विधेयकामुळे. हक्क आणि सवलत यांत फरक आहे तो हाच. सवलत देणारा ती उद्या बंद करू शकतो. हक्क काढून घ्यायचा तर त्याला कायदा बदलावा लागतो. आणि आठनंतरचे जेवण ही तर सवलतही नव्हे. आठपर्यंत थांबवून ठेवण्याची ती किंमत आहे.

त्या पिझ्झ्याचे रिकामे खोके सकाळी उचलणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ती तर 'फॅमिली'तही नाही. ती ठेकेदाराची!

आम्ही मुलाचे नेमणूकपत्र पाहिले. हुद्दा 'असिस्टंट मॅनेजर'. हाताखाली किती माणसे? एकही नाही. इथेच खरी मेख आहे. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालतो आणि जादा कामाला दुप्पट दर देतो. व्यवस्थापकीय पदांना मात्र तो लागू नाही. म्हणून पोराला 'मॅनेजर' करून टाकायचे! पण न्यायालये हुद्द्याची पाटी पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. हे आमच्या किती शिकलेल्या मुलांना माहीत आहे?

जुलै 2024 मध्ये पुण्यातील एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली 26 वर्षांची मुलगी गेली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवले. कंपनीने ते नाकारले. पण नंतरच्या सरकारी तपासणीत त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे उघड झाले. आणि सरकारने काय केले? 2025 साली राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 10 वर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली!

आम्ही मुलाला विचारले, एकदा तरी 'आज नाही थांबत' का म्हणत नाहीस? तो बराच वेळ गप्प बसला. मग वडिलांकडे न पाहता म्हणाला, "सर, बाकीच्यांनी नाही म्हटलं तर त्यांना काम असतं. मी म्हटलं तर म्हणतील, ह्यांना झेपत नाही."

खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तरी ही भीती मात्र आमच्या मुलांच्या वाट्याला आहे! इतरांपेक्षा दोन तास जास्त बसून ती स्वतःची लायकी सिद्ध करत राहतात. हे ओझे कोणत्याही पगारपत्रकावर दिसत नाही. मनोबल वाढवण्याच्या शिबिरांतही त्यावर कोणी बोलत नाही.

आम्ही त्याला एवढेच सांगितले: एक वही कर. रोज आलेली आणि गेलेली वेळ लिही. रात्री काम सांगणारे निरोप जपून ठेव. नेमणूकपत्र, पगारपत्रके एका फाइलमध्ये लाव. आणि एकटा भांडू नकोस. शेजारच्या टेबलावरच्या पोरालाही तेच दुखते आहे, त्याची जात कोणतीही असो. बाबासाहेबांनी 1936 साली काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, ते उगाच नव्हे.

त्याने अजून कोणाविरुद्ध अर्ज केलेला नाही. पण परवाच्या रविवारी तो पुन्हा आला आणि वही पुढे ठेवली. पहिल्याच आठवड्याची बेरीज 66 तास. काकांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली. "अठरा तास ओ.टी.," ते म्हणाले, "दुप्पट दराने."

हिशेब बापाला येतो. आता मुलाने तो मागायला शिकले पाहिजे.